नोकरी गेल्याचा सराव

शिट्टी

पहिला घास तोंडाशी नेताना तिने ताट बाजूला सारलं आणि शिट्टी वाजवली.

कारखान्यातली शिट्टी ती. घरात इतकी कर्कश वाजली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं आणि अप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, हातातला पेला ताटातच आडवा झाला.

"तुमची नोकरी गेली," ती नवऱ्याला म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

"जेवण तरी होऊ दे की गं. उपाशीपोटी बेकार होऊ का?"

लेक खो खो हसली. "आई, हे काय नवीन काढलंस?"

"सराव. कारखान्यात आगीचा घेते, तसा घरात नोकरीचा. या क्षणी यांची नोकरी गेलेली आहे. उद्या सकाळी मी काय करणार, ते प्रत्येकाने सांगायचं. विचार करायला वेळ मिळणार नाही. आगही देत नाही."

नवरा फर्निचरच्या दुकानात सोफे विकायचा. हल्ली त्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते नुसतं बसायला. गारव्यात घटकाभर टेकायचं, कापडावरून हात फिरवायचा, 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि उठायचं. त्यामुळे घरात कुणाची नोकरी जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यालाही नव्हती.

"मी शिकवण्या घेईन," लेक म्हणाली. "गणिताच्या."

"मी आधी दाढी करीन," नवरा म्हणाला. "बेकार माणूस नीटनेटका दिसला पाहिजे. मग वाटेत जो भेटेल त्याला सोफा विकीन."

"अप्पा, तुम्ही?"

अप्पांनी पेला सरळ केला. "मी थोरल्याकडे जातो. तेवढंच एक तोंड कमी."

थोरला म्हणजे अप्पांचा मोठा मुलगा, दुसऱ्या गावचा. मागे एकदा अप्पा त्याच्याकडे राहून आले होते. बाल्कनीत पलंग होता आणि त्या बाल्कनीच्या दिव्याचं बटण आतल्या खोलीत. परत आले तेव्हा पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं.

"कुणीही घर सोडायचं नाही," ती म्हणाली. "हा नियम पहिला."

अप्पा पुन्हा जेवायला लागले. चेहरा असा की ताटात न मागता काहीतरी गोड पडलंय.

कोण वाजवतंय

रंगाच्या कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी होती. रंग म्हणजे थिनर, थिनर म्हणजे वाफा, आणि वाफा म्हटलं की एक ठिणगी पुरते. म्हणून ती कधीही, कुणालाही न सांगता शिट्टी फुंकायची. सगळ्यांनी हातातलं तिथल्या तिथे सोडायचं, पळायचं नाही, आणि फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत येऊन उभं राहायचं. ती जमण्याची जागा. तिथे डोकी मोजून झाली की ती सगळ्यांना परत आत सोडायची. कामगार तोंडावर मॅडम म्हणत, पाठीमागे शिट्टीबाई. एकदा एक जण चहाचा कप हातात घेऊनच रमतगमत बाहेर आला आणि म्हणाला, "सरावच आहे ना, मॅडम?" तिने त्याला सगळ्यांसमोर झापलं. "सरावाला सराव समजलास तर उद्या आगीलाही सराव समजशील!"

आता बाहेरच आग लागली होती. एक बँक बुडाली, तिने दुसरीला ओढलं. टीव्हीवर रोज कुणीतरी टाय लावलेला माणूस घाबरू नका असं घाबरलेल्या आवाजात सांगायचा. रस्त्यावर एकाआड एक शटर खाली आलं. समोरची इमारत चौथ्या मजल्यावर थांबली आणि तिच्या सळया आभाळाकडे बोटं करून उभ्या राहिल्या. घरं थांबली की सोफे थांबतात, हे तिला लगेच कळलं. घरं थांबली की रंगही थांबतो, हे का कोण जाणे, तिच्या डोक्यात शिरलं नाही.

"कारखाना बंद जरी पडला ना," ती म्हणायची, "तरी शेवटचा माणूस बाहेर काढून कुलूप लावायला मी लागणारच."

थट्टेत नव्हती म्हणत. तिला खरंच तसं वाटायचं.

पुन्हा, पुन्हा

आणि मग लेक आंघोळीला गेलेली असताना शिट्टी, नवरा नखं कापत असताना शिट्टी, पाहुणे आलेले असताना शिट्टी, म्हणजे पाहुण्यांनाही सांगावं लागलं की आमच्याकडे यांची नोकरी अधूनमधून जाते, काळजी करू नका, चहा घ्या. आणि प्रत्येक सरावाला घर जरा जरा चटपटीत होत गेलं, लेकीची उत्तरं तयार, नवऱ्याचे विनोद तयार, एक आख्खा पंधरवडा तर त्यांनी नवऱ्याचा पगार नाहीच असं धरून काढला, फक्त हिच्या पगारावर, आणि जमलं की, छान जमलं, बाहेरचं खाणं बंद, रिक्षा बंद, केस घरीच कापले, नवऱ्याचे एका बाजूने जरा जास्तच. आणि दर वेळी अप्पा म्हणायचे, मी थोरल्याकडे जातो, आणि दर वेळी तिघं एका सुरात ओरडायची, नियम पहिला! आणि अप्पा मान खाली घालून हसायचे.

त्या सगळ्या सरावांत एकच चूक होती. ती कुणाला दिसली नाही, कारण सगळे तिच्यावरच उभे होते.

जमण्याची जागा

मॅनेजरने तिला बसायला सांगितलं. नेहमी तो उभ्या उभ्याच बोलायचा.

"मॅडम, तुम्ही आल्यापासून आपल्याकडे एकदाही आग लागली नाही."

"हो."

"एकदाही नाही."

"तेच तर माझं काम आहे."

"हो ना. तर वरच्यांचं म्हणणं असं पडलं, की... म्हणजे लागतच नाही, तर..." त्याने पेन उघडलं, मिटलं. "तुमचं काम आता स्टोअरकीपर बघतील. जमेल तसं."

"आणि मिक्सिंगची माणसं?"

"अर्धी जाणार. तीही आजच."

तिला राग यायला हवा होता. पण तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं? स्टोअरकीपरला आग विझवायच्या वाळूच्या बादल्या कुठे ठेवल्यात तेसुद्धा ठाऊक नाही.

बाहेर आली तर मिक्सिंगची, म्हणजे रंग कालवणारी माणसं मोकळ्या जागेत रांगेने उभी होती. शिट्टी कुणीच वाजवली नव्हती. नोकरी गेली म्हणून सांगितल्यावर जायचं कुठे हे त्यांना सुचलं नाही, तेव्हा पायांनी त्यांना सवयीच्या जागी आणून उभं केलं होतं. हेल्मेट डोक्यावर, डबे हातात. सगळे तिच्याकडे बघत होते. ही मोजेल, आणि मग परत आत सोडेल.

तिने मोजलं. मोजून झाल्यावर काय म्हणायचं ते तिला माहीत होतं, आणि ते म्हणता येत नव्हतं.

"घरी जा," ती म्हणाली. "वाटेत कुठे बसू नका. घरी सांगा. आजच सांगा, उद्यावर टाकू नका."

"आणि मॅडम, तुम्ही?"

"मी पण घरीच चाललेय."

रांग मोडायला वेळ लागला.

संध्याकाळचं घर

ती: माझी नोकरी गेली.

नवरा: अरे वा! आज पेपर बदलला!

लेक: आई, शिट्टी नाही वाजवलीस.

ती: शिट्टी नाही. खरंच गेली.

नवरा: बघ, बघ, अभिनय बघ. चेहरा काय केलाय! मी नोकरी घालवायचो तेव्हा मला कुणी असा चेहरा करायला शिकवलं नाही.

लेक: बाबा, गप्प. मी पहिली. मी शिकवण्या दुप्पट करीन.

नवरा: आधी एकपट तर कर.

ती: ऐका जरा. दुपारी मॅनेजरने बोलावून सांगितलं.

नवरा: तपशील पण आहे! ठीक. मी उद्यापासून सोफ्याबरोबर पलंगही विकीन. पुढे?

ती: अहो, मी खरं सांगतेय.

नवरा: सरावाला सराव समजायचं नाही, माहितीय. आम्ही खरंच समजतोय. अप्पा, तुमची पाळी.

अप्पा: मी... थोरल्याकडे जातो.

लेक आणि नवरा: नियम पहिला!

नवरा: उत्तम! पैकीच्या पैकी. चला, पानं घ्या.

कारखान्यात खऱ्या आगीचा भोंगा वेगळा होता. घरासाठी तिने असा वेगळा आवाज ठरवलाच नव्हता. स्वतःच्या घरात आग लागली तर काय म्हणून ओरडायचं, ते सुरक्षा अधिकाऱ्याकडून राहून गेलं होतं. सगळे इतक्या आनंदाने जेवत होते की तिने ठरवलं, सकाळी.

जेवून अप्पा फेरी मारायला निघाले. चपला काढायला दाराजवळच्या चपलांच्या कपाटाशी वाकले, तिथे पिशवीतून तिचे बूट डोकावत होते. जाड तळव्याचे, पुढे लोखंडी टोपी असलेले, रंगाचे ओघळ सुकलेले. हे बूट कारखान्यातच राहायचे. घरी ते कधी आले नव्हते.

अप्पा थोडा वेळ वाकलेलेच राहिले. मग फेरीला न जाता खोलीत गेले.

सकाळ

"खरं?"

"खरं."

"मग काल का नाही..."

"काल चारदा सांगितलं."

नवऱ्याच्या गालाला साबण तसाच होता. तो स्टुलावर बसला. आजवर सरावात त्याने नोकरी इतक्या वेळा घालवली होती, पण तिची जाईल अशी कल्पना त्याने एकदाही केली नव्हती. "मी हसत होतो गं," तो म्हणाला. "तू सांगत होतीस आणि मी खिदळत होतो."

"ते जाऊ दे. साबण पुसा."

तेवढ्यात लेक आतून आली. "आई, आजोबांचं अंथरूण घडी घालून ठेवलंय. दाढीचा ब्रश नाही. गोळ्यांचा डबा नाही."

तिघांनाही कुणी काही सांगायला नको होतं. नवरा शर्टात हात घालू लागला.

"तुम्ही कामावर जा," ती म्हणाली.

"माझा बाप आहे तो!"

"आणि तुमची नोकरी आता घरातली एकुलती एक आहे. तिला उशीर करू नका. अप्पांना मी आणते."

"नाही आले तर?"

"येतील."

असं ती म्हणाली खरी. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की नोकरीवर तिने एका वाक्यात पाणी सोडलं होतं, यावर मात्र सोडता येणार नाही. म्हातारा त्या बाल्कनीत गेला, तर पुन्हा पगार सुरू झाला काय नि न झाला काय, हे घर वाचलं असं तिला कधीच म्हणता येणार नव्हतं.

बस

थोरल्याच्या गावची बस सुटायच्या बेतात होती. अप्पा आयुष्यभर बस चालवलेला माणूस. तिकीट काढून प्रवाशासारखं बसायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. खिडकीशी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसले होते. ती चढली, शेजारी बसली, आणि गाडी हलली.

"उतर," अप्पा म्हणाले.

"चालू गाडीतून?"

"कुठपर्यंत?" कंडक्टरने विचारलं.

"हे उतरतील तिथपर्यंत."

"असं तिकीट नसतं, बाई."

"मग पुढच्या थांब्याचं द्या. तिथे बघू."

अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हा ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून चालवतोय. जाळणार."

"अप्पा, का निघालात?"

"बूट बघितले तुझे." अप्पांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "सरावात मी दर वेळी म्हणायचो, जातो. तुम्ही दर वेळी नाही म्हणायचात. बरं वाटायचं, सूनबाई. खोटं कशाला बोलू? फुकटचा मान. काल वाटलं, आता यांना नाही म्हणणं परवडायचं नाही. तरी म्हणतील, आणि कुढतील. म्हणून विचारलंच नाही."

"तुम्हाला जायचंय?"

"त्या बाल्कनीत? कुणाला जायचंय?"

"मग परत चला. मला तुमची खोली हवीय."

अप्पा पहिल्यांदा तिच्याकडे वळले. "न्यायला आलीस की हाकलायला?"

"खोली भाड्याने द्यायचीय. आपल्या घरात तीच एक अशी आहे, जिन्याकडे वेगळं दार, रस्त्याकडे खिडकी. कुणीही घेईल. तुम्ही हॉलमध्ये झोपायचं."

"ती खोली द्यायची नाही."

"थोरल्याकडे जाताना सोडलीतच ना?"

"ते वेगळं! गेलो तरी ती माझीच राहिली असती. तिकडे पडल्या पडल्या म्हणता आलं असतं, माझी खोली आहे तिकडे." त्यांचा आवाज चढला होता. "हॉलमध्ये तुझा नवरा टीव्ही लावून घोरतो. तिथे मी झोपू?"

"त्यांना मी बघते."

"सगळ्या सरावांत कधी खोलीचं नाव नाही काढलंस. आणि आता एकदम!"

"चुकलंच माझं. सराव माझ्या पगारावर उभा होता. सगळ्यांना बाहेर काढून मी त्या जागी उभं करायचे, आणि तीच जागा पेटेल हे डोक्यातच आलं नाही. सरावात आपण सगळ्यांनी तेवढंच दिलं, जे द्यायला जड नव्हतं. आता जड असेल ते द्यायचंय. तुम्ही खोली. मी... मी जे मिळेल ते काम घेणार. पदबिद काही बघणार नाही."

पुढच्या बाकावरची बाई मघापासून मान वळवून ऐकत होती. "जा की हो बाबा. लेक एवढं म्हणतेय तर."

"लेक नाही, सून आहे."

"सून? बसमध्ये चढून न्यायला आलेली?" बाईने गालाला हात लावला. "मग उतरा आधी. असं पुन्हा बघायला मिळायचं नाही."

कुणीतरी मागे हसलं. अप्पा हसले नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिले.

"खोली दिली, तर भागेल?"

सरावात तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असायचं.

"माहीत नाही, अप्पा."

"हं," अप्पा म्हणाले. "आत्ता जरा खरं वाटतंय." आणि उठून उभे राहिले. "ओ कंडक्टर! घ्या बाजूला गाडी."

"अधेमधे थांबत नाही, आजोबा."

"बरोबर आहे. मी पण कधी थांबवली नाही." अप्पा पुन्हा बसले. "पुढच्या थांब्याला उतरू. मेला क्लच मात्र जाळणार."

दारं

औषधाच्या कंपनीत म्हणाले आमच्याच माणसांना घरी पाठवतोय, प्लास्टिकवाल्यांनी नाव लिहून घेतलं आणि कागद कुठे ठेवला ते तिच्यादेखतच विसरले, मॉलमध्ये एक पोरगेला साहेब म्हणाला तुमचा अनुभव आमच्यासाठी जास्त आहे, ती म्हणाली कमी करून देते, तो हसला, ती हसली नाही. बिस्किटांच्या कारखान्यात फाटकावरच परतवलं, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पहारेकऱ्यानेच खुर्ची दिली. घरी लेकीच्या शिकवणीला एकच मुलगी आली आणि तिला गणितापेक्षा पंखा आवडला. नवऱ्याने एक सोफा विकला, खरोखरचा, आणि घरी येऊन तो कसा विकला ते दोनदा सांगितलं आणि तिने दोनदा ऐकलं. मिक्सिंगमधल्या एकाने फोन करून सांगितलं, मॅडम, एका गोदामात पहारेकऱ्यांवर देखरेख करायला माणूस हवाय, तुम्हाला सांगायला संकोच वाटतो. ती म्हणाली संकोच नंतर कर, पत्ता आधी सांग. पगार जुन्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. हजेरी सोमवारपासून.

कपाट

खोली घ्यायला एक नर्स तयार झाली. रविवारी येते म्हणाली. रविवार उजाडला तरी अप्पांचं कपाट जागचं हललं नव्हतं, आणि हललं तेव्हा दारात अडकलं. अर्धं आत, अर्धं हॉलमध्ये. आत अप्पा आणि लेक, बाहेर ती आणि नवरा.

"तिरकं करा," नवरा ओरडला.

"तिरकंच आहे! तू सरळ धर."

"हे आत गेलं तेव्हा कसं गेलं?"

"तेव्हा दार नव्हतं बसवलं!"

"हे आत्ता सांगताय, अप्पा?"

"तू विचारलंस आत्ता!"

"थांबा सगळे," ती म्हणाली. "दाराचं एक कवाड उतरवायचं. स्क्रूड्रायव्हर कुठेय?"

"कपाटात," आतून लेकीचा आवाज आला.

नवरा भिंतीला टेकून हसायला लागला. मग अप्पाही. कपाटाच्या दोन्ही बाजूंनी हसू येत होतं आणि कपाट मधे ढिम्म. तिने मात्र सुरी आणली आणि बिजागरीचा पहिला स्क्रू फिरवायला घेतला. सुरी घसरली. तिने पुन्हा लावली.

जिन्याकडच्या दाराशी कुणीतरी खाकरलं. नर्स ट्रंक घेऊन उभी होती. "लवकर आले का मी? नंतर येऊ?"

"नाही!" चौघंही एकदम म्हणाली.

नर्सने ट्रंक खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि आतल्या बाजूने कपाटाला खांदा लावला. कवाड निघालं. कपाट करकरत, फरशीवर एक लांब पांढरा ओरखडा काढत बाहेर आलं.

खोली रिकामी झाली तेव्हा अप्पा तिच्या मधोमध उभे राहिले. कपाट होतं तिथली भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा उजळ होती. त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला, धूळ हातरुमालाला पुसली, आणि नर्सला खिडकीशी बोलावलं.

"ही कडी आधी वर उचलायची, मग बाहेर ढकलायची. नुसता जोर केलास तर हातात येते."

नर्सने करून बघितलं. "अशी?"

"अशीच. आणि दुपारी ऊन येतं. पडदा तुझा तू लाव, माझा जुना झालाय."

"आणखी काही, आजोबा?"

अप्पांनी खोलीभर नजर फिरवली. "नाही. खोली तुझी आहे."

हॉलमधून तिचा आवाज आला. धाप लागलेला, पण हुकमी.

"अप्पा, इकडे या. कपाट टीव्हीच्या भिंतीला लावू की तुमच्या उशाशी?"

"टीव्हीसमोरच लाव," अप्पा बाहेर येत म्हणाले. "म्हणजे तो दिसणारच नाही."

"अप्पा!" नवरा ओरडला.

"धरा," ती म्हणाली, आणि चौघांनी चार कोपरे धरले.